चित्र माझं, पात्र कोणाचं? फॅन आर्ट आणि कॉपीराइट, बडोद्यातल्या उदाहरणांसह

आवडत्या पुस्तकातल्या पात्राचं चित्र काढायला बंदी आहे का? नाही. तेच चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं तर? बहुतेक वेळा कोणी काही म्हणत नाही. त्याचे स्टिकर छापून विकले तर? इथे मात्र उत्तर देणारा आधी घसा खाकरतो, आणि मग जे सांगतो ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातं.

बडोद्यात हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे आणि तिच्या आसपास चित्रं काढणारी मुलं पैशाला पासरी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या वह्यांत मडकी-सफरचंदं कमी. जपानी ॲनिमेचे नायक, वेब सिरीजमधल्या राण्या आणि कादंबऱ्यांतले गुप्तहेर जास्त. त्यांचे आईबाबा दारात थांबून हळूच विचारतात, "सर, हे विकलं तर नोटीस येते का हो?" मी वकील नाही. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकिलाकडेच जावं. पण नोटीस येण्याआधी समजून घेण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते साध्या मराठीत सांगता येतं.

‘चालतं की नाही’ असं एका दमात विचारलं की कोणालाच उत्तर देता येत नाही. आधी विचारायचं ते हे की, या चित्रात मी कोणाकोणाचं काय घेतलं आहे? फॅन आर्टचं, म्हणजे चाहत्याने आवडत्या पात्राचं काढलेलं चित्र जुन्या वाड्यासारखं असतं. राहणारा एक, पण उताऱ्यावर नावं चार भाऊबंदांची. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, आणि एकाने हरकत घेतली नाही म्हणून दुसरा घेणार नाही असंही नाही.

रामायणाचंच बघा. राम-सीतेची कथा सगळ्यांची आहे. तिच्यावर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. पण २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर सुरू झालेली रामानंद सागर यांची मालिका हे वेगळं काम आहे. तिची दृश्यं, तिचे संवाद, तिची वेशभूषा यांवर हक्क आहेत. आणि त्या मालिकेतल्या रामाचा चेहरा अरुण गोविल यांचा आहे, तो त्यांचा स्वतःचा. आता तुम्ही रामाचं चित्र काढलंत. वाल्मीकी किंवा तुलसीदास वाचून मनाने काढलंत, तर उताऱ्यावर नाव फक्त तुमचं. मालिकेतला एक प्रसंग थांबवून, तोच मुकुट, तीच प्रकाशयोजना आणि तोच चेहरा उतरवलात, तर कथा फुकटची असूनही तुम्ही आणखी दोघांच्या दारात जाऊन उभे राहिलात.

फॅन आर्टबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते इथेच सांगून टाकतो. पुस्तकावरून चित्र काढावं, पडद्यावरून काढू नये. कायद्याच्या दृष्टीने ते जास्त सुरक्षित आहे आणि चित्रकलेच्या दृष्टीने जास्त अवघड, म्हणूनच जास्त फायद्याचं. लेखक पात्राचं नाक कसं आहे ते बहुतेक वेळा सांगत नाही. सांगितलं तरी ‘धारदार’ म्हणून पुढे जातो. ते नाक तुम्हाला ठरवावं लागतं. पडद्यावर मात्र नाक, केस, अंगरख्याची बटणं, खिडकीतून येणारा उजेड, सगळं कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि त्या प्रत्येक ठरवण्यामागे कोणाचा तरी हक्क असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या गावातच आहे. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं सांगितली. त्याच्यासमोर पोथ्यांमधली वर्णनं होती, पण नेमकं नेसवायचं काय याचं उत्तर पोथीत नव्हतं. पेहरावाचा शोध घेत तो भावाला बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानात फिरला आणि शेवटी त्याने पुराणातल्या बायकांना साडी नेसवली. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात ही चित्रं बघताना माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं की मत्स्यगंधा अशीच दिसत असणार, दुसरी कशी दिसेल? पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तिथली छापील लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेली, आणि आज देवघरातल्या तसबिरीपासून दिवाळीच्या पाकिटापर्यंत तिचीच वंशावळ दिसते. पोथीतल्या चार ओळींमधून एका माणसाने निवडलेलं रूप पुढच्या पिढ्यांना मूळच वाटू लागलं. (रविवर्म्याला फॅन आर्टिस्ट म्हटलं तर आमचे काही प्राध्यापक मित्र रागावतील. रागावू देत.)

त्याहूनही नेमकं उदाहरण कीर्तिमंदिरात आहे. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत. गंगावतरण आहे, मीरेचं आयुष्य आहे, महाभारतातलं युद्ध आहे. आणि चौथं आहे ‘नटीर पूजा’, रवींद्रनाथ टागोरांच्या त्याच नावाच्या नाटकावरून. पुराणकथा सगळ्यांच्या, पण हे नाटक १९२६ चं, बोस यांच्या स्वतःच्या गुरुजनांपैकी एकाचं. शांतिनिकेतनात टागोरांच्या सहवासात राहणाऱ्या चित्रकाराला ‘परवानगी आहे का’ असं कोणी विचारलं नसणार हे उघड आहे. अनोळखी लेखकाच्या बाबतीत आपल्याला ती सोय नसते.

आता कायदा नेमका कशाला धरतो ते बघू. भारतात लागू आहे तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात ‘फॅन आर्ट’ हा शब्दच नाही. कायदा कल्पनेला कुंपण घालत नाही, कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला घालतो. हे तत्त्व आपल्याकडे पक्कं झालं ते १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक होतं. प्रांताप्रांतातल्या अढीमुळे दोन प्रेमिकांच्या लग्नात येणाऱ्या अडचणी, असा विषय. त्यानंतर ‘न्यू दिल्ली’ नावाचा चित्रपट आला, तोही त्याच विषयाचा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विषय, कथाबीज, ऐतिहासिक किंवा दंतकथेतला मालमसाला यांवर कोणाची मक्तेदारी नसते. दोन्ही कलाकृती बघणाऱ्याला ‘ही तर त्याचीच नक्कल’ असं ठामपणे वाटलं तरच ती चोरी. चित्रपटवाले सुटले.

म्हणजे ‘डोंगरातल्या शाळेत जादू शिकणारी मुलगी’ हे चित्र कोणीही काढावं. पण एखाद्या विशिष्ट शाळेचा विशिष्ट गणवेश, विशिष्ट बोधचिन्ह आणि विशिष्ट चश्मा घातलेलं मूल आलं की कल्पना संपली, रूप सुरू झालं.

पात्राला कॉपीराइट असतो का, हा इथला खरा गुंतागुंतीचा भाग. कायद्यात पात्रासाठी वेगळं कलम नाही, न्यायालयांनी हळूहळू वाट पाडली आहे. नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयासमोर हिंदी कॉमिक्समधल्या ‘नागराज’चं प्रकरण आलं. दुसऱ्या प्रकाशकाने ‘नागेश’ आणला होता. हिरवं, सापाच्या कातडीसारखं अंग, लाल चड्डी, सापाचा पट्टा, सापांची ताकद, आणि नावही कानाला जवळचं. न्यायालयाने नागेशला अडवलं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडेवरून वाद झाला. निर्मात्यांना मनाई हुकूम मिळाला नाही, कारण ते उशिरा आले होते, पण पात्र पुरेसं वेगळं आणि ओळखू येणारं असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं हे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केलं. यातून चित्रकाराने घ्यायचं ते असं की चितारलेलं पात्र, म्हणजे कॉमिक्स, ॲनिमे, कार्टून, सगळ्यात कडक राखणीत असतं, कारण तिथे रूप आधीच ठरलेलं आहे. केवळ शब्दांत असलेलं पात्र सगळ्यात सैल.

मराठी उदाहरण घ्यायचं तर फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी लिहिलेला हा फुरसुंगीचा बनेश, अंगाने काडी, सायकलवर स्वार, तोंडात ‘ट्टॉक’. दूरदर्शनवर तो सुमीत राघवन झाला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ झाला. दोघं एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत आणि तरी दोघंही फेणेच. मग तिसरा, तुमचा फेणे, त्या दोघांसारखा दिसायची गरजच काय? मुखपृष्ठावर जो फेणे काढलाय तोही टाळावा, कारण त्या चित्राचा हक्क लेखकाच्या हक्काहून वेगळा असतो. मी मुलांना सांगतो, पुस्तक वाचा, मिटा, आणि मग पेन्सिल उचला.

पण फेणेची अख्खी गोष्ट चित्रांतून सांगणारी कॉमिक काढायची असेल तर थांबा. कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे की एखाद्या लिखाणाची गोष्ट पूर्णपणे किंवा मुख्यतः चित्रांतून, पुस्तकात किंवा मासिकात छापता येईल अशा रीतीने सांगणं हे त्या लिखाणाचं रूपांतर आहे, आणि रूपांतराचा हक्क लेखकाकडे असतो. एक चित्र आणि तीस पानी चित्रकथा यांत कायद्याच्या नजरेत फार अंतर आहे. हे कलम बहुतेकांना ठाऊकच नसतं.

किती वर्षं थांबायचं? लेखक हयात असेपर्यंत आणि तो गेल्यानंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ हे पुस्तक १ जानेवारी २०११ पासून भारतात सगळ्यांसाठी मोकळं झालं. त्यावर चित्रं काढा, चित्रकथा करा, छापा, विका. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे फेणेसाठी २०६२ उजाडावं लागेल. चित्रपट आणि मालिकांना प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. ही साठी पूर्वी पन्नाशी होती. टागोर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण १९९१ च्या अखेरीस मोकळं होणार होतं. ते तोंडावर आल्यावर कायदा बदलून दहा वर्षं वाढवली गेली, आणि ‘नटीर पूजा’ १ जानेवारी २००२ ला सर्वांची झाली. कीर्तिमंदिरातल्या त्या भिंतीसमोर उभं राहून आज कोणी त्याच नाटकावर नवं चित्र काढायला घेतलं, तर कॉपीराइटच्या बाबतीत त्याला कोणाला विचारायला नको. बोस यांचं भित्तिचित्र जसंच्या तसं उतरवायचं असेल तर गोष्ट वेगळी. बोस १९६६ मध्ये गेले.

दुसऱ्या देशांत मुदत वेगळी असते, हे ऑनलाइन विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. १९२८ मधला पहिल्या लघुपटातला मिकी माऊस अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला. तो फक्त त्या लघुपटातला काळा-पांढरा, लांब नाकाचा मिकी. नंतरचा पांढरे हातमोजे घातलेला, रंगीत मिकी त्यात आला नाही. शिवाय नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून वेगळं राखता येतं, आणि ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. आपल्याकडे त्यासाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे. म्हणून टी-शर्टवर चित्रापेक्षा मालिकेचा लोगो छापणं जास्त अंगाशी येतं. लोगो दिसला की गिऱ्हाईक समजतं, माल कंपनीचाच आहे.

स्वतःपुरतं काढण्याला कायद्याची सवलत आहे. खाजगी किंवा वैयक्तिक वापर, अभ्यास, टीका आणि परीक्षण यांसाठी केलेला रास्त वापर कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. स्केचबुक, बहिणीच्या वाढदिवसाचं भेटकार्ड, वर्गातला सराव यांत बिनधास्त राहावं. टीकेची सवलतही खरी आहे. केरळमध्ये एका गाजलेल्या राजकीय नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं, त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद घेतले. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते रोखायला नकार दिला, कारण हेतू नक्कल करण्याचा नव्हता, मूळ नाटकाचा समाचार घेण्याचा होता. मालिकेतल्या सासूबाईंवर टोमणा मारणारं व्यंगचित्र याच कुळातलं. मात्र टोमणा चित्रात दिसायला हवा. सासूबाई नुसत्या सुंदर काढून खाली ‘व्यंग’ असं लिहून भागत नाही.

इन्स्टाग्राम खाजगी नाही. अनोळखी माणसं बघतात, तिथे ‘वैयक्तिक वापर’ ही ढाल टिकवणं कठीण. तरीही रोज लाखो चित्रं पडतात आणि कोणी हात लावत नाही, कारण फॅन आर्ट म्हणजे हक्कदाराची फुकटची जाहिरात. जपानमध्ये तर ही एक व्यवस्थाच झाली आहे. टोकियोचा कॉमिकेट मेळा १९७५ मध्ये सुरू झाला, आणि तिथे चाहते आवडत्या मांगांवर (जपानी चित्रकथांवर) स्वतः काढलेल्या पुस्तिका उघडपणे विकतात. मोठे प्रकाशक सहसा काणाडोळा करतात, त्या मेळ्यातून पुढे नामांकित चित्रकारही आले. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. डोळा कधीही उघडू शकतो. ‘कॉपीराइट उल्लंघनाचा हेतू नाही’ ही ओळ चित्राखाली लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिला कायद्यात शून्य किंमत. मूळ लेखकाचं नाव देणं ही सभ्यता आहे, द्यावंच, पण नाव दिल्याने परवानगी मिळत नाही.

विक्री आली की तराजू सरळ झुकतो. कॉपीराइट उल्लंघनाला फौजदारी शिक्षासुद्धा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. मात्र धंद्यातून फायदा कमावण्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश कारण नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकतात, असंही त्याच कलमात आहे. धंद्याचा फरक कायदाच करतो तो असा. घाबरून जाण्याचं कारण नाही. दहा फ्रिज मॅग्नेट विकणाऱ्या कॉलेजच्या मुलीला कोणी तुरुंगात टाकायला निघत नाही. तिच्या दुकानाचं पान बंद होतं, एवढंच बहुधा घडतं. पण तेच मॅग्नेट मंगळ बाजारात घाऊक विकले जाऊ लागले, तर हिशेब निराळा.

विकायचंच असेल तर काही वाटा आहेत. मोकळ्या झालेल्या साहित्यावर काढा. शेरलॉक होम्सचा निर्माता १९३० मध्ये गेला, होम्स आपल्याकडे केव्हाच मोकळा आहे. फक्त अलीकडच्या मालिकेतल्या होम्सचा कोट आणि कुरळे केस आणू नका. काही परदेशी गेम कंपन्या चाहत्यांनी काय करावं आणि काय विकावं याचे नियम स्वतःच जाहीर करतात, ते शोधून वाचावेत. आणि जिवंत मराठी लेखकाला सरळ पत्र लिहावं. पत्रात चित्र जोडावं, किती प्रती काढणार आणि किती रुपयांना विकणार ते लिहावं, आणि उत्तर लेखी मागावं. प्रकाशकाकडे पत्र गेलं तर ते कधीकधी टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतं. लेखक मात्र चित्र बघून खूश होतात. हा माझा अनुभव.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि मालिकांच्या फॅन आर्टमध्ये तोच जास्त येतो. अभिनेत्याच्या चेहऱ्यावर कॉपीराइट नसतो, पण त्याची ओळख विकून पैसे कमवायचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, असं आपली उच्च न्यायालयं गेली काही वर्षं सातत्याने म्हणत आहेत. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांची विक्री थांबवली. २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाबतीत नाव, आवाज, चेहरा आणि ‘झकास’ म्हणण्याची लकब एवढं सगळं संरक्षणात आलं. पण त्याच वर्षी, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हेही सांगितलं की विडंबन, व्यंग, कला, अभ्यास, बातमी यांसाठी प्रसिद्ध माणसाचं नाव किंवा चित्र वापरणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. म्हणजे भिंतीवर टांगायला काढलेलं एक पोर्ट्रेट आणि मगवर छापलेला तोच चेहरा यांच्याकडे दोन नजरांनी बघितलं जातं.

आणि तो चेहरा तुम्ही कशावरून काढलात? बहुतेक मुलं गूगलवर सापडलेला फोटो समोर ठेवून काढतात, काही जण टॅबवर तो खालच्या लेयरला टाकून सरळ गिरवतात. इथे उताऱ्यावर आणखी एक नाव चढतं, फोटोग्राफरचं. अमेरिकेत याचा मोठा निकाल २०२३ मध्ये लागला. लिन गोल्डस्मिथ हिने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला होता. त्यावरून अँडी वॉरहॉलने रंगीत चित्रमालिका केली. त्यातलं केशरी चित्र वॉरहॉलच्या पश्चात त्याच्या फाउंडेशनने २०१६ मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठाला दिलं. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला: मासिकात प्रिन्सचं चित्र म्हणून फोटो जे काम करतो तेच काम तुमचं चित्रही करतंय, मग रंग बदलला म्हणून पैसे चुकत नाहीत. तो अमेरिकी कायदा, आपल्यावर बंधनकारक नाही. पण वॉरहॉलला जे पचलं नाही ते आपल्याला पचेल असं धरून चालू नये. उपाय चित्रकाराच्या हातातला आहे. एका फोटोवरून काढू नका. पाच-सहा कोनांतले फोटो, एखाद्या मुलाखतीतल्या हालचाली बघा, चेहऱ्याची ठेवण समजून घ्या, आणि उजेड, पोझ, मान कुठे वळलीय हे स्वतः ठरवा. कमाटीबागेत बसून ओळखीच्या माणसाला त्या पोझमध्ये उभं केलं तर सगळ्यात उत्तम.

सणाच्या सजावटीचा प्रश्न आपल्याकडे दर भाद्रपदात येतो. गणपतीला अमुक चित्रपटातल्या नायकासारखा बसवू का, मंडपात तमुक मालिकेचा किल्ला उभा करू का? २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एफ. डी. ब्लॉकच्या दुर्गापूजा समितीने हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स किल्ल्याचा मंडप उभारला, कापड आणि बांबूंचा. जे. के. रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेऊन २० लाख रुपये मागितले. न्यायालयाने मंडप पूजेपुरता उभा राहू दिला, पैसे द्यायला लावले नाहीत, पण यापुढे परवानगीशिवाय असं करू नका असं बजावलं. त्या मंडपात कोणी तिकीट लावलं नव्हतं. श्रद्धेपोटी आणि कौतुकापोटी केलेलं काम होतं, तरी प्रकरण न्यायालयात गेलं. सपाट चित्राला त्रिमितीय रूप देणं हेही कायद्यात पुनरुत्पादनच धरलं आहे, तेव्हा ‘आम्ही चित्र नाही, मूर्ती केली’ हा युक्तिवाद चालत नाही. माझं म्हणाल तर गणपतीला कोणाच्याच वेषात बसवायची गरज नाही. पण तो कॉपीराइटचा मुद्दा नाही, माझी आवड आहे.

शैलीबद्दल थोडक्यात. २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी आपापले कौटुंबिक फोटो एआयकडून एका जपानी स्टुडिओच्या ढंगात करून घेतले, तेव्हा हा प्रश्न घरोघरी पोचला. शैलीवर कॉपीराइट नसतो. मऊ रंग, मोठे डोळे, हिरवी कुरणं कोणीही काढावीत. त्या स्टुडिओचं ठरावीक पात्र आलं की नियम बदलतो. एआयला शिकवताना मूळ चित्रं वापरली ते बरोबर की चूक, याचे खटले जगभर चालू आहेत.

आता उलट बाजू. तुमचंच फॅन आर्ट कोणी उचललं तर? हे फार होतं. वॉटरमार्क कापून चित्र टी-शर्टवर छापलं जातं आणि दुसऱ्याच्या नावाने विकलं जातं. मुलं म्हणतात, "पात्रच आपलं नाही, तक्रार कशी करणार?" करता येते. मूळ पात्र तुमचं नसलं तरी तुम्ही स्वतःच्या कौशल्याने आणि निवडीने घातलेला भाग तुमचा म्हणून सांगता येतो. २००७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आधीच्या साहित्यावर उभ्या असलेल्या कामातही थोडी तरी सर्जक निवड आणि कौशल्य दिसलं, तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळतं. अर्थात तुमचं मूळ चित्रच परवानगीशिवायचं असेल तर तुमची बाजू जरा लंगडी राहते, हे मान्य करून पुढे जावं.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढताक्षणी हक्क तयार होतो. पण पुरावा लागतो. कच्ची स्केचं फेकू नका, लेयर असलेली मूळ फाइल जपा, टाकलेल्या पोस्टची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. संकेतस्थळाला लेखी तक्रार केली तर २०१३ च्या नियमांनुसार त्यांनी ३६ तासांत ते पान थांबवायचं असतं. मात्र ते २१ दिवसांपुरतं. तेवढ्यात तुम्ही न्यायालयाचा हुकूम आणला नाहीत तर ते पान पुन्हा चालू होऊ शकतं. परदेशी ॲप्स स्वतःचे फॉर्म वापरतात, तेही बहुतेक वेळा पुरतात. तक्रारीत ‘माझा अमुक नायक चोरला’ असं लिहू नये, कारण नायक तुमचा नाही आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. मान कुठे वळवली, रंग कोणते निवडले, मागे मांडवीचा दरवाजा का काढला, असं जे जे तुम्ही घातलं ते एकेक करून लिहावं आणि शेजारी दोन्ही चित्रं लावावीत.